मात्सूच्या देवळात कौल कसा लावायचा: आधी गाऱ्हाणं, मग काठी

डबा उचलला, खडखडवला, काठी पडली, चिठ्ठी घेतली, फोटो काढला. चिनी समुद्रदेवी मात्सूच्या देवळात गेलेल्या आपल्या बहुतेक माणसांचा कौल असा दोन मिनिटांत उरकतो. बाहेर आल्यावर मला विचारतात, "याचा अर्थ काय गं?" अर्थ लागणार कसा? देवीला काही विचारलेलंच नसतं.

मी सिंगापुरात राहते. पाहुणे आले की त्यांना तेलोक आयर रस्त्यावरच्या थिआन हॉक केंग देवळात नेते, तैवानलाही दोन-तीनदा जाणं झालंय. चुका सगळीकडे त्याच दिसतात आणि जवळजवळ सगळ्या क्रमाच्या असतात. कोकणात किंवा गोव्यात देवळात कौल लावताना पाहिला असेल तर आठवा: गुरव आधी गाऱ्हाणं घालतो. कोण आलंय, कुठून आलंय, काय अडलंय ते देवाला सांगतो आणि मगच कौल मागतो. मात्सूकडेही क्रम हाच. खाली दिलेली पद्धत तैवानची आहे. सिंगापूर-मलेशियातल्या फुकीएनी, म्हणजे चीनच्या फुकीएन प्रांतातून आलेल्या लोकांच्या, देवळांतही ती चालते. हाँगकाँगमध्ये जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

## १. देऊळ तिचंच आहे ना?

नावामुळे पहिला घोटाळा होतो. तैवानमध्ये ती मात्सू, हाँगकाँगमध्ये तिन हाऊ, मकावमध्ये आ-मा, क्वालालंपूरमध्ये थिआन हाऊ, व्हिएतनाममध्ये बा थिएन हाऊ, जपानमध्ये मासो. इंग्रजी पाट्यांवर माझू असंही दिसतं. देवी एकच: फुकीएन किनाऱ्यावरच्या मेइचौ बेटाची लिन आडनावाची मुलगी. लिन आडनावाचे लोक अजूनही तिला घरातली आत्तेआजी मानतात.

दुसरा घोटाळा क्वानयिनचा. करुणेची ही देवी बऱ्याच ठिकाणी त्याच आवारात असते. थिआन हॉक केंगमध्ये ती मागच्या दालनात आहे. क्वालालंपूरच्या थिआन हाऊ देवळात तर एकाच सभामंडपात तीन देवी ओळीने बसल्या आहेत आणि मात्सू मधली.

खात्री करायची सोपी खूण म्हणजे तिचे दोन रक्षक. एक कपाळावर आडवा हात धरून लांब बघतोय, तो सहस्र योजनं पाहणारा. दुसरा कानाशी हात नेऊन ऐकतोय, तो वाऱ्यावरचं बोलणं टिपणारा. त्यांच्या रंगावर जाऊ नका, रंग जागोजागी बदलतात. हाताकडे बघा. मात्सूच्या मुकुटाला पुढे मण्यांच्या सरी लोंबतात. चेहरा कुठे सोनेरी, कुठे गुलाबी, कुठे काळा असतो. काळा चेहरा पाहून ही देवी वेगळी म्हणून पुढे जाऊ नका.

मुंबईकरांसाठी: माझगावचं सी यूप कून हे जुनं चिनी देऊळ मात्सूचं नाही. नावातल्या साम्यावरून "माझगाव म्हणजे माझू" असा निष्कर्षही काढू नका.

## २. दिवस ठरवा

रोजच्या दर्शनाला कुठलाही दिवस चालतो. कौल लावायचा असेल तर गर्दी नसलेली सकाळ उत्तम. जयंतीच्या दिवशी जायचं असेल तर मात्र इंग्रजी तारीख पाठ करू नका, ती दरवर्षी हलते.

जयंती चिनी तिसऱ्या महिन्याच्या २३व्या दिवशी असते. चिनी महिना आपल्यासारखाच अमावास्येपाशी बदलतो, फक्त अमावास्येचा दिवस ते पहिला धरतात. त्यामुळे २३वा दिवस वद्य अष्टमीच्या आसपास पडतो. महिना बहुधा चैत्र. पण आपले आणि त्यांचे अधिक महिने वेगळ्या वेळी येत असल्याने कधी वैशाखही होतो. २०२४ मध्ये जयंती १ मे रोजी होती आणि २०२५ मध्ये २० एप्रिलला, दोन्ही वेळा चैत्र. २०२६ मध्ये ती ९ मे रोजी, म्हणजे वैशाखात, आणि २०२७ मध्ये २९ एप्रिलला, पुन्हा चैत्रात. तिच्या निर्वाणाचा दिवस नवव्या महिन्याचा नववा, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातल्या नवमीजवळचा. २०२४ मध्ये तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला होता.

सावध: पालखीची तारीख आणि जयंतीची तारीख वेगळी. तैवानच्या ताच्या गावची पालखी नऊ दिवस आणि आठ रात्री चालून च्यायी जिल्ह्यातल्या शिनकांगला जाऊन परत येते. तिचा निघायचा मुहूर्त पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेच्या संध्याकाळी देवीलाच कौल लावून ठरवतात. त्याआधी विमानाचं तिकीट काढू नका. तैवानमधल्याच पैशातुन गावच्या पालखीचा तर रस्ताही आधी ठरलेला नसतो. चौकात पालखी कुठे वळेल ते देवी ठरवते, भोई तिच्या ओढीने जातात. त्या पालखीबरोबर चालायचं असेल तर पुढच्या गावातलं हॉटेल आरक्षित करून ठेवण्यात अर्थ नाही.

## ३. प्रश्न घरीच लिहून काढा

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं आणि हाच टप्पा सगळे गाळतात. देवळात धूर असतो, मागे माणसं उभी असतात, आपण गडबडतो आणि तोंडातून "सगळं नीट होऊ दे" एवढंच निघतं. ही प्रार्थना झाली. कौलाला प्रश्न लागतो.

प्रश्न कागदावर लिहा आणि तीन गोष्टी तपासा.

एक, त्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं का? "मी कोणती नोकरी घेऊ?" याला कौलाचे दोन लाकडी ठोकळे काय उत्तर देणार? "मी पुण्याची नोकरी या दिवाळीआधी घ्यावी का?" हे चालतं.

दोन, एका प्रश्नात दोन प्रश्न शिरलेत का? "घर विकून मुलाकडे जाऊ का?" यात घर विकणं वेगळं आणि मुलाकडे जाणं वेगळं. हो आलं तर कशाला आलं ते कळणार नाही.

तीन, काळ घातलाय का? "लग्न होईल का?" यापेक्षा "येत्या वर्षभरात" असं जोडलेलं बरं.

काठी काढून चिठ्ठी घ्यायची असेल तर प्रश्न थोडा मोकळा ठेवता येतो, कारण चिठ्ठीवर कविता असते. पण विषय एकच हवा: नोकरी, प्रवास, दुखणं किंवा लग्न.

दुखण्याबद्दल विचारायचं असेल तर औषधपाणी चालू ठेवूनच विचारा. देवीसमोर बसलेल्या कितीतरी आजीबाईंच्या पिशवीत दवाखान्याची फाईल असते.

## ४. ताटात काय न्यायचं, काय नाही

रिकाम्या हाताने गेलात तरी कोणी काही म्हणत नाही. न्यायचंच असेल तर फुलं आणि फळं. एका प्रकारची फळं तीन किंवा पाच. चार कधीच नाहीत, चिनीत चारचा उच्चार मरणाच्या शब्दाजवळ जातो. सफरचंद, संत्रं आणि अननस कुठेही चालतात. फुकीएनी बोलीत अननसाच्या नावात भरभराट येण्याचा अर्थ ऐकू येतो, म्हणून तो आवडीने ठेवतात.

आपल्याकडच्या तीन सवयी इथे नडतात.

पेरू नेऊ नका आणि टोमॅटोही नको. त्यांच्या बिया पोटातून तशाच बाहेर पडतात, म्हणून ती देवापुढे ठेवण्याजोगी मानत नाहीत.

सीताफळ नेऊ नका. तैवानमध्ये सीताफळाला शाक्य म्हणतात, कारण ते बुद्धाच्या मस्तकासारखं दिसतं. ते कापून खायला देवापुढे कसं ठेवणार?

नारळ फोडू नका, मूर्तीला हळदकुंकू लावायला जाऊ नका, पायावर पैसे ठेवू नका. दक्षिणेसाठी पेटी असते.

मात्सूपुढे मांसाहारी नैवेद्य ठेवलेला दिसेल, त्याचं नवल वाटू देऊ नका. पण तेच ताट घेऊन क्वानयिनच्या दालनात जायचं नसतं, तिचा नैवेद्य शाकाहारी असतो. परक्या माणसाने फळंच न्यावीत, म्हणजे प्रश्न मिटला.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर तैवानमधले बरेच लोक काही काळ देवळात जात नाहीत. सुतक आपल्याला समजावून सांगायला नको.

## ५. आत शिरताना

चपला काढायच्या नाहीत. आपले लोक उंबऱ्यापाशी हमखास घुटमळतात आणि मागची रांग थांबते. टोपी आणि गॉगल मात्र काढा.

देवळाकडे तोंड करून उभे राहिलात की तुमच्या उजव्या हाताचं दार ड्रॅगनचं आणि डाव्या हाताचं वाघाचं. ड्रॅगनच्या दाराने आत जायचं, वाघाच्या दाराने बाहेर यायचं. मधलं दार देवांचं. ते उघडं असलं तरी त्यातून जायचं नाही.

उंबरा उंच असतो, तो ओलांडायचा. त्यावर पाय ठेवायचा नाही, टेकायला बसायचंही नाही.

तपासा: उजवीकडून शिरलात का? प्रश्नाचा कागद वर काढलात का? मोबाईल आवाज बंद करून पिशवीत गेला का? सान फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधलं देऊळ जिने चढून वरच्या मजल्यावर आहे, तिथे आत फोटो काढू देत नाहीत. अशा ठिकाणी दारावरची पाटी आधी वाचा.

## ६. उदबत्ती: आधी आकाश, मग देवी

आत शिरल्या शिरल्या मात्सूपुढे धावू नका. पहिली उदबत्ती आकाशातल्या सम्राटाची. त्याचं धूपपात्र बहुधा पुढच्या अंगणात असतं. तिथे देवळाकडे पाठ करून, बाहेर आकाशाकडे तोंड करून उभं राहायचं. देवाकडे पाठ करायची म्हणून आपण बिचकतो, पण इथे तेच बरोबर आहे. त्यानंतर मात्सू. मग तिच्या दोन्ही बाजूंच्या देवता, आधी तुमच्या उजव्या हाताची बाजू आणि मग डावी. शेवटी मागची दालनं. बऱ्याच देवळांत धूपपात्रांवर १, २, ३ असे आकडेच लावलेले असतात, ते पाळा. किती काड्या घ्यायच्या ते उदबत्त्यांच्या टेबलापाशी विचारा. कुठे प्रत्येक पात्राला एक लागते, कुठे तीन.

ज्योत लागली तर फुंकायची नाही, हाताने वारा घालून विझवायची. हे आपल्यासारखंच. काडी खोचायची ती मात्र बहुतेक जण डाव्या हाताने खोचतात, कारण मारण्या-कापण्याची कामं उजव्या हाताची. डावा हात लावू नको असं लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या हाताला हे वळण लावावं लागतं.

धुराचा त्रास असेल तर हात जोडून नमस्कार केला तरी पुरतो. तैवानमधली काही देवळं आता उदबत्त्या कमी करत चालली आहेत. तिथे टेबलावर काड्याच ठेवलेल्या नसतील तर बाहेरून आणून पेटवू नका. हो ची मिन्ह शहरातल्या चोलोन भागात बा थिएन हाऊच्या देवळात छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात. त्यांच्याखाली उभं राहताना केस आणि खांदे सांभाळा, राख वरून पडत असते.

## ७. गाऱ्हाणं आणि पोए

आता मूळ काम. टेबलावर लाकडाच्या चंद्रकोरींच्या जोड्या ठेवलेल्या असतात. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. फुकीएनी बोलीत त्यांना पोए म्हणतात. जोडी उचलताना दोन्ही ठोकळे एकाच जोडीचे आहेत ना ते बघा. दुसऱ्या कोणी अर्धवट ठेवलेली जोडी ओढू नका.

गुडघ्यावर बसा, ठोकळे दोन्ही हातांत जोडून धरा आणि गाऱ्हाणं घाला, याच क्रमाने: नाव, जन्मतारीख, राहण्याचा पत्ता, कशासाठी आलो, आणि शेवटी कागदावरचा प्रश्न. मराठीत बोला. खलाशांची देवी आहे ती, तिने अनेक भाषा ऐकल्या आहेत.

तैवानमधल्या लुकांगच्या देवळात मी पहिल्यांदा पोए टाकले तेव्हा शेजारच्या आजींनी माझं मनगट धरलं. मी ते फासे टाकावेत तसे भिरकावले होते आणि एक ठोकळा टेबलाखाली गेला होता. आजींनी तो शोधून काढला, पदराला पुसावा तसा बाहीला पुसला, पुन्हा माझ्या हातात ठेवला. मग स्वतःचे हात छातीशी नेऊन नुसते उघडून दाखवले. टाकायचे नाहीत, सोडायचे. तेव्हापासून माझे ठोकळे दूर गेलेले नाहीत.

जमिनीवर काय दिसतं त्याचा अर्थ:

एक सपाट वर, एक फुगीर वर: होकार.

दोन्ही सपाट वर: देवी हसली. याला नकार समजू नका. प्रश्न नीट मांडला गेला नाही, किंवा उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. शब्द बदलून पुन्हा विचारा.

दोन्ही फुगीर वर: नकार.

साध्या प्रश्नाला एक होकार पुरतो. मोठ्या निर्णयाला सलग तीन लागतात. ठोकळा दोन्ही बाजूंवर सारखाच पडतो असं धरलं तर सलग तीन होकार आठांत एकदाच येतील. म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी साखळी तुटली तर हिरमुसू नका.

सावध: नकार आला म्हणून तोच प्रश्न त्याच दिवशी पुन्हा पुन्हा विचारायचा नाही. घरातल्या मोठ्या माणसाने एकदा नाही म्हटल्यावर आपण त्याच्या तोंडाकडे बघत दहादा विचारत नाही, तसंच हे.

## ८. काठी काढणं

चिठ्ठी हवी असेल तरच हा टप्पा. आणि इथेही आधी परवानगी: "या विषयावर चिठ्ठी द्याल का?" असं विचारून पोए सोडा. होकार नसेल तर डब्याला हात लावू नका.

तैवानमध्ये काठ्यांचा उंच गठ्ठा असतो. तो दोन्ही हातांनी ढवळून, वर उचलून सोडायचा. जी काठी इतरांपेक्षा वर उभी राहील ती तुमची. हाँगकाँगमध्ये बांबूचा डबा तिरका धरून, एक काठी बाहेर पडेपर्यंत हलवतात. दोन पडल्या तर दोन्ही परत घालून पहिल्यापासून सुरू करायचं, आवडती निवडायची नाही.

काठीवरचा आकडा बघा आणि लगेच चिठ्ठीकडे धावू नका. काठी बाजूला ठेवून पुन्हा पोए: "हीच का?" तैवानच्या बऱ्याच देवळांत इथे सलग तीन होकार मागतात. न मिळाल्यास काठी परत गठ्ठ्यात, पुन्हा ढवळायचं. यात अर्धा तास जाऊ शकतो. टूरच्या बसला तेवढा वेळ नसेल तर काठीच काढू नका, नमस्कार करून या.

हो आलं की आकडा लिहून घ्या, काठी परत ठेवा, मग भिंतीपाशी त्या आकड्याच्या खणातली चिठ्ठी काढा. काठी आठवण म्हणून घरी नेणारी माणसं मी पाहिली आहेत. एक काठी गेली की पुढच्या प्रत्येक माणसाचा कौल अपुरा राहतो.

## ९. चिठ्ठी वाचताना

मात्सूच्या पुष्कळ देवळांत ६० चिठ्ठ्यांचा संच असतो, काही ठिकाणी १०० चा. प्रत्येकीवर चार ओळींची जुन्या चिनीतली कविता, तिच्याशी जोडलेली एखादी जुनी कथा, आणि बऱ्याचदा खाली विषयवार रकाने: प्रवास, लग्न, दुखणं, व्यापार, हरवलेली वस्तू.

मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करू नका. जुन्या कवितेचा तो चुराडा करतो. ६०च्या संचातल्या पहिल्या चिठ्ठीत सूर्य उगवतो आणि ढग विरतात. एवढं वाचून हवामान कळतं, कौल कळत नाही. कौल सांगणारा माणूस देवळात बसलेला असेल तर त्याच्याकडे जा. तो विचारेल, "प्रश्न काय होता?" म्हणून कागद फेकायचा नाही. असा कोणी नसेल तर कार्यालयात इंग्रजी अर्थ आहे का ते विचारा. आणि रकान्यांतला आपल्या प्रश्नाचा तेवढाच वाचा. नोकरीचं विचारून लग्नाचा रकाना वाचायचा आणि रात्रभर जागायचं, हे मी एका मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलंय.

## १०. निघताना

फळं परत न्यायची असतील तर उदबत्ती बरीचशी जळू द्या. कितीतरी बायका पोए सोडून विचारतात, "आई, झालं का जेवून?" होकार आला की ताट उचलतात. मग ती फळं घरी प्रसाद म्हणून वाटतात.

देवळातून ताईत घेतला असेल तर तो मुख्य धूपपात्रावरच्या धुरातून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तीनदा फिरवा, मगच गळ्यात किंवा गाडीत. वर्षभराने तो देवळात परत देऊन नवा घेतात. कचऱ्यात टाकत नाहीत. परत जाणं जमणार नसेल तर मुळात घेऊ नका.

नवसाचंही तसंच. काम झालं की येऊन आभार मानायचे असतात, त्यासाठी तैवानमध्ये वेगळा शब्दच आहे. नाशिकला राहून लुकांगला सोन्याचं पदक वाहीन म्हणू नका. झेपेल तेवढंच बोला: पुन्हा तुझ्या किनाऱ्यावर आले तर तीन संत्री आणेन. मी तसं म्हटलं होतं. पुढच्या वेळी नेली, आणि त्या दिवशी काहीच विचारलं नाही.